पात्यावरचे नाव

छताच्या पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटने 'सप्रेम भेट' लिहायचे आणि त्याखाली देणाऱ्याचे नाव, गावासकट, ही आपल्याकडची सर्वधर्मीय चित्रकला आहे. देऊळ असो, विहार असो, चर्च असो की जिल्हा परिषदेची शाळा, मान वर केली की कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तीन पाती डोक्यावर असतात. भिंतीवरच्या घड्याळात काट्यांच्या मागे नाव, बाकाच्या पाठीवर नाव, थंड पाण्याच्या टाकीवर नाव. पंख्याचे मात्र एक बरे असते. तो सुरू झाला की नाव दिसत नाही. अंगाला वारा लागतो, पण तो कोणाचा, हे वाचता येत नाही. भंडाऱ्याच्या मे महिन्यात भर दुपारी वीज गेली की पाती हळूहळू थांबतात आणि दाता पुन्हा प्रकट होतो. म्हणजे नाव वाचता येऊ लागले की समजावे, काम बंद पडले आहे.

हे पंख्याचे पुराण आज लावायचे कारण १० फेब्रुवारी. १८९५ साली याच तारखेला, रविवारी, मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. शाळेत मराठी शिकलेल्या पिढ्यांना ते फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांची भजने अजून पेटी-तबल्यावर गायली जातात, आणि गाणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना ती कोणाची हे माहीतही नसते. याच दिवसांच्या मागेपुढे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या दरम्यान कधीतरी येतो. टिळकांचा बाप्तिस्मा आणि हा बुधवार यांचे नाते केवळ कॅलेंडरातल्या शेजाराचे नाही. टिळकांना ज्या पानांनी खिळवून ठेवले, त्याच पानांतला उतारा राखेच्या बुधवारी चर्चमध्ये वाचला जातो. आणि ती पाने टिळकांच्या हातात पडली तो प्रवास आपल्या जिल्ह्यातून झालेला आहे.

१८९३च्या सुमाराची गोष्ट. टिळक तेव्हा तिशी ओलांडलेले होते. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम, 'ऋषि' नावाचे मासिक, कविता, वादविवाद, असे पुष्कळ काही करून झाले होते, आणि आता ते राजनांदगाव संस्थानाच्या वाटेवर होते. ही वाट म्हणजे आपलीच. कामठी गेली, कन्हान ओलांडली, की वरठीला भंडारा रोड, देव्हाडीला तुमसर रोड, माडगीजवळ वैनगंगेचा पूल, मग तिरोडा, गोंदिया, आमगाव, दरेकशाचा डोंगर आणि पलीकडे डोंगरगड. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा निघाला, तोवर वरठीपासून दरेकशापर्यंतचा हा सगळा पट्टा भंडारा जिल्ह्याच्याच नावावर होता.

डब्यात एक गोरा गृहस्थ होता. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून आणि गेले धर्मावर. टिळक वादात हार जाणाऱ्यातले नव्हते. पण त्या गृहस्थाने वाद घातलाच नाही म्हणतात. त्याने बायबलमधला नवा करार त्यांच्या हातात ठेवला, वाचायचा शब्द घेतला, आणि वर असेही सांगितले की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्य वाटले. तरी शब्द दिला होता, म्हणून पेन्सिल घेऊन पुस्तक उघडले. वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायापाशी, म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी, ते थांबले ते थांबलेच. तत्त्वज्ञानाच्या ज्या गाठी कित्येक वर्षे सुटत नव्हत्या, त्या या तीन अध्यायांत सुटल्या, असे पुढे त्यांनी स्वतः सांगितले.

तो गृहस्थ कोण होता? टिळकांच्या गोष्टीत त्याला नाव नाही. पुढे काहींनी अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याचे नाव घेतले आहे, पण लोकांच्या आठवणीत ते उरले नाही.  पुढे टिळकांच्या हातून शेकडो भजने लिहून झाली, 'अभंगांजलि' झाली, 'ख्रिस्तायन' सुरू झाले आणि ते अपुरे राहिल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहिले. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' नावाचे पुस्तक मराठीला मिळाले. एवढा सगळा संसार ज्या एका देण्यातून सुरू झाला, ते देणारा माणूस आगगाडीतून उतरून निघून गेला. आपण दिलेल्या पुस्तकाचे काय झाले, हे त्याला कधी कळले असेल का, हेही सांगता येत नाही.

आता त्या तीन अध्यायांकडे जरा निरखून पाहावे. पाचव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, तुमची चांगली कामे लोकांना दिसू द्या. पान उलटले की सहाव्या अध्यायात तोच येशू बजावतो की दानधर्म लोकांना दाखवायला करू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका. 'या हाताचे त्या हाताला' ही आपली घरगुती म्हण इतकी मुरलेली आहे की ती या प्रवचनातही आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण म्हणीचे राहू द्या. एकाच प्रवचनात, एकाच बैठकीत, दाखवा आणि दाखवू नका, या दोन्ही आज्ञा कशा? रविवारच्या प्रवचनांत याचे उत्तर बहुधा 'हेतू शुद्ध हवा' असे एका वाक्यात उरकले जाते. ते खोटे नाही, पण त्याने काही हाती लागत नाही. हेतू कोणाला दिसतो? स्वतःचा तरी कोणाला धड दिसतो?

आम्हांला वाटते, या कोड्याचे उत्तर त्या आगगाडीत बसलेले आहे. त्या गृहस्थाचे काम महाराष्ट्राला दिसले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी दिसते आहे. दिवा मापाखाली मुळीच राहिला नाही. दिसला नाही तो दिवा लावणारा. पाचव्या अध्यायातली आज्ञा कामाविषयी आहे आणि सहाव्यातली करणाऱ्याविषयी, असे धरले तर दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात. पंख्याच्या भाषेत सांगायचे तर वारा सगळ्यांना लागावा आणि पाते फिरते राहावे.

मात्र या माणसाला आपण नम्रतेचा पुतळा करायला निघालो तर तो बसायचा नाही. वादपटू ब्राह्मण कवीला पहिल्याच भेटीत 'दोन वर्षांत तू माझ्या धर्मात येशील' असे तोंडावर सांगणे याला नम्रता कोण म्हणेल? आजच्या हवेत तर त्यावरून डब्यातच भांडण झाले असते. नम्र माणूस म्हणजे खालच्या मानेचा, हळू आवाजाचा, 'मी काय हो, मी कोण' म्हणणारा, असे चित्र आपण रंगवून ठेवलेले आहे. त्या चित्रातली माणसे पुष्कळदा भारीच असतात. आपल्या क्षुद्रपणाचे वर्णन करताना ती किती वेळ स्वतःविषयीच बोलत असतात! त्या गृहस्थाने सांगायचे ते ठासून सांगितले. नम्रता दिसली ती पुढे. तो आपले भाकीत खरे ठरले का ते पाहायला परत आल्याचे ऐकिवात नाही. १८९५ नंतर टिळकांचे नाव गाजले तेव्हा 'ते पुस्तक मीच दिले होते' म्हणत कोणी पुढे आल्याचे ठाऊक नाही. बी टाकले आणि बांधीवरचा हक्क सोडून दिला. आमच्याकडे पऱ्हे टाकणारा शेतकरीसुद्धा एवढे करत नाही, आणि त्याने करूही नये.

इथे दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक होईल. ज्या पुस्तकाने टिळकांना शांती दिली, त्याच पुस्तकाने लक्ष्मीबाईंचे घर मोडले. नवरा बाटला ही बातमी एका सोवळ्या घरातल्या बाईवर कशी कोसळली असेल, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला सांगायला नको. काही वर्षे नवरा-बायको वेगळी राहिली. लहान मूल घेऊन तिने पंढरपुरात दिवस काढले. १९००मध्ये लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेने, आणि जातपात मनातून गळून पडल्यावर. टिळकही आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून गेलो असे म्हणत. म्हणजे डब्यातल्या गृहस्थाला जे एका पुस्तकाचे काम वाटले असेल, त्याला देहूपासूनची वाट आधीच तयार होती. त्याला तीही दिसली नव्हती आणि पंढरपुरात रडणारी बाईही दिसली नव्हती. आपले चांगले काम इतरांना दिसू नये, एवढ्यावर भागत नाही. आपल्याला स्वतःलाही त्याची सगळी टोके दिसत नाहीत. कोणाच्या घरात उजेड गेला आणि कोणाच्या डोळ्यांत धूर गेला, याचा पुरता हिशेब करणाऱ्याजवळ नसतोच. आमच्या मते नम्रतेचे खरे कारण इथे आहे. फुशारकी मारणे वाईट म्हणून नव्हे, तर फुशारकी मारण्याएवढी माहितीच आपल्याकडे नसते म्हणून.

आता आगगाडीतून उतरून भंडाऱ्यात येऊ.

एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन, नाताळचा आठवडा, निमित्त कोणतेही असो, सरकारी दवाखान्यात फळवाटप होते. खाटेवर रुग्ण, त्याच्या हातात एक केळे, आणि त्या केळ्याला सात जणांचे हात लागलेले. रुग्ण केळ्याकडे पाहत असतो, सातही जण कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र आमच्यासारख्यांच्या वर्तमानपत्रांत येते, म्हणून हा दोष आम्ही एकट्या पुढाऱ्यांच्या माथी मारणार नाही. ख्रिस्ती मंडळ्याही यातून सुटलेल्या नाहीत. थंडीतली ब्लँकेटे वाटताना ब्लँकेट आधी की बॅनर आधी, हा प्रश्न आमच्याही आवारात ऐकू येतो.

याच शहराच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. दहा बाळे गेली. सात बाळांना बाहेर काढता आले. त्या रात्रीनंतर मुंबई-दिल्लीचे कॅमेरे आले, मोठी माणसे आली, मदत जाहीर झाली, चौकशी झाली, आणि कॅमेरे परत गेले. धुरातून ती सात बाळे ज्या हातांवरून बाहेर आली, ते हात आज किती जणांना आठवतात? पण आम्हांला त्याहूनही अस्वस्थ करणारा विचार वेगळा आहे. अशी आग लागू नये म्हणून जी कामे असतात, म्हणजे विजेच्या तारा तपासणे, तापलेले यंत्र वेळेवर बदलणे, आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत की नाहीत ते पाहणे, रात्री दोन वाजता उठून एक फेरी मारणे, यांतल्या एकाही कामाचे कधी उद्घाटन होत नाही. त्याला फीत नाही, नारळ नाही, छायाचित्र नाही. ते नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याची बातमी छापता येत नाही. केळे वाटायला सात हात मिळतात. तार तपासायला एक मिळणे कठीण.

मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचा दृष्टांत आहे. राजा काही लोकांना म्हणतो की मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात. त्यावर ते चक्रावतात आणि विचारतात, कधी बुवा? त्यांना आठवतच नाही. या दृष्टांतावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत, पण त्या माणसांचे गोंधळणे आम्हांला सगळ्यांत मोलाचे वाटते. त्यांनी वही ठेवलेली नव्हती. त्यांच्या डाव्या हाताला खरोखरच कळले नव्हते.

प्रेषितांच्या कृत्यांत याफो गावची टबीथा भेटते. तिला दुर्कसही म्हणत. हयातीतला तिचा एकही शब्द नोंदलेला नाही. ती मेल्यावर पेत्राला बोलावतात, तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत त्याला आपले अंगरखे दाखवतात, हे तिने शिवले, हेही तिनेच. टबीथाची ओळख तिच्या शिलाईवरून पटते. विदर्भातल्या मिशनच्या बंगल्यांभोवती अशा टबीथा किती होऊन गेल्या असतील! स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपूरला आले आणि ४ सप्टेंबर १८६३ला पुराच्या नाल्यात बुडून गेले. त्यांचे नाव कॉलेजवर आहे, एका खनिजाला आहे, आणि ते असणे योग्यच आहे. त्यांच्या पाठोपाठ स्कॉटिश मिशनचे काम भंडाऱ्यापर्यंत आले. शाळा आली, दवाखाना आला. पण त्या दवाखान्यात पट्ट्या धुणारी, बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढणारी, पटकीच्या साथीत उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणारी आपल्याच भागातली बाई कोण होती? शुश्रूषा हे 'चांगल्या घरच्या' बायकांचे काम नाही असे सगळे समाज मानत होते, तेव्हा महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत सिस्टरचा पांढरा पोशाख चढवणाऱ्या मुलींत ख्रिस्ती मुलींची संख्या मोठी होती. त्यांची आडनावे कोणत्याही रस्त्याला नाहीत. त्यांच्या हातांनी जगात आलेल्या पोरांची नातवंडे मात्र आज भंडाऱ्यात दुकाने चालवत असतील.

हे केवळ ख्रिस्ती लोकांचे वैशिष्ट्य आहे, असे म्हणायला आम्ही धजणार नाही. तलावांच्या जिल्ह्यात बसून तर नाहीच. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले, बोड्या खोदल्या, पाट काढले. पुढे मालगुजारी आली आणि गेली, तलाव सरकारजमा झाले, त्यांचे नाव 'माजी मालगुजारी' पडले आणि लोकांनी त्याचे लाडाने 'मामा तलाव' केले. कागदोपत्री मालगुजाराचे नाव सापडते. पाळीवर मातीची टोपली कोणी वाहिली, उतार डोळ्यांनी कोणी जोखला, हे कोणत्याच कागदावर नाही. तरी रोवणीच्या वेळी त्या उताराने पाणी बरोबर शेवटच्या बांधीपर्यंत जाते. त्या टोपलीवाल्याला ख्रिस्त ठाऊक नव्हता. पण गुप्तपणे पाहणारा पिता सहाव्या अध्यायात सांगितला आहे, तो पाहताना धर्माचा दाखला मागत असेल असे आम्हांला वाटत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा, कारण नम्रतेचा उपदेश हा फार सोयीचा उपदेश आहे. तो नेहमी वरून खाली जातो. आशा सेविका मानधनासाठी रस्त्यावर उतरल्या की कोणीतरी म्हणतेच, 'ही तर सेवा आहे, सेवेचे कुठे पैसे मागतात?' चर्चचा परिसर झाडणाऱ्या बाईचा पगार तीन महिने थकतो आणि तिला प्रार्थना करायला सांगतात. हे गुप्तदान नव्हे, ही चोरी आहे. स्वतः होऊन मागे राहणे वेगळे आणि दुसऱ्याने मागे ढकलणे वेगळे. आगगाडीतला गृहस्थ आपल्या मर्जीने दिसेनासा झाला. तलावाच्या टोपलीवाल्याला, दवाखान्यातल्या आयाला तशी मर्जी कोणी विचारली होती? ज्याचे नाव आपण मुद्दाम पुसले, त्याच्या नम्रतेचे गोडवे गाण्याचा आपल्याला हक्क नाही. नाव सोडायचे ते आपले. दुसऱ्याचे असेल तर ते आठवणीने घ्यावे, आणि मजुरी वेळेवर द्यावी.

तसेच पैशाचे. देणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, हिशेब गुप्त राहू नये. मंडळ्यांच्या आणि विश्वस्त संस्थांच्या जमिनींवरून, भाड्यांवरून, देणग्यांवरून जी कज्जेदलाली वर्षानुवर्षे चालते, तिथे सहाव्या अध्यायाची ढाल पुढे करून चालणार नाही. डाव्या हाताला कळू नये हे ठीक, पण हिशेबतपासनिसाला कळलेच पाहिजे.

आणि एक गोष्ट जरा हळू आवाजात. भंडारा जिल्ह्यात, २०११च्या जनगणनेप्रमाणे, बारा लाख लोक राहतात. त्यांत ख्रिस्ती इतके थोडे की एखाद्या गावात एकच घर असते. एवढ्या थोड्यांना आपली चांगली कामे दाखवण्याचा मोह होतो तो दरवेळी प्रौढीने होत नाही, भीतीनेही होतो. 'आम्ही शाळा काढल्या, आम्ही दवाखाने काढले, महारोग्यांच्या जखमा आम्ही धुतल्या,' ही यादी सभेत वाचली जाते, तेव्हा ती ऐकणाऱ्यांपुढे मांडलेली जामीनकी असते. आमच्याकडे संशयाने पाहू नका, हे घ्या आमचे पुरावे. यामागची वेदना आम्हांला कळते, आणि जो समाज आपल्या शेजाऱ्याला असे पुरावे गोळा करायला लावतो त्यानेही थोडे आरशात पाहावे. तरीही वाटते की या यादीने काम साधत नाही. जखम धुतली तेव्हा ती दया होती. पन्नास वर्षांनी तिची पावती पुढे केली की ती उधारी होते, आणि उधारी मागायला आलेल्याला कोणी प्रेमाने दार उघडत नाही. यादी ज्यांनी वाचायची त्यांनी वाचावी. ज्याची जखम धुतली गेली, त्याचा नातू एखादे दिवशी आपणहून वाचेल. त्याने न वाचली, तरी जखम तर भरलीच होती.

मग करणाऱ्याने टिकावे कशाच्या जोरावर? कोणी पाहत नाही, कोणी विचारत नाही, फळ दिसेल याची खात्री नाही. यावर ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर साधे आहे आणि ते तीन वर्षांच्या चमत्कारांत नव्हे, त्याआधीच्या वर्षांत आहे. लूक सांगतो की येशूने काम सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. आणि मार्क सांगतो की नासरेथचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. त्या वर्षांची नोंद शुभवर्तमानांत जवळजवळ नाही. बाराव्या वर्षीची एक यरुशलेमवारी, बस्स. बाकी नांगर, जोखड, दाराच्या चौकटी असेच काहीतरी त्याने घडवले असणार. त्यातली एकही वस्तू उरलेली नाही. ज्याला अनुयायी देवाचा पुत्र मानतात, त्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग कोणी लिहून ठेवावासा वाटू नये इतका साधा गेला. तो भाग वाया गेला, असे समजायचे की काय? सुताराला कळते की चौकट काटकोनात बसली तर दार कुरकुरत नाही, आणि न कुरकुरणाऱ्या दाराकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यात त्याला समाधान असते. आमचे तुमसर-मोहाडीकडचे गवंडी आणि भंडाऱ्याचे पितळेची भांडी घडवणारे कारागीरही हे जाणतात. भांडे वाजवून पाहिले आणि नाद बरोबर आला की ते पुढचे उचलतात.

राखेच्या बुधवारी एक गंमत होते आणि दरवर्षी ती आमच्या लक्षात येऊन आम्ही विसरतो. त्या दिवशी वाचला जाणारा उतारा म्हणजे टिळकांना खिळवणाऱ्या त्या तीन अध्यायांतला मधला, सहावा. त्यात दान आणि प्रार्थनेनंतर उपासाविषयी सांगितले आहे की ढोंग्यांसारखे तोंड उतरवून फिरू नका. उपास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुम्ही उपाशी आहात हे कोणाला कळणार नाही. आणि हे वाचून झाल्या झाल्या सगळे रांगेत उभे राहतात आणि कपाळावर काळ्या राखेचा ठसठशीत क्रूस काढून घेतात. तो पुसायचा की ठेवायचा, यावर घरोघरी मतभेद असतात. शाळेत जाणारी पोरे फाटकाबाहेर पडताच रुमालाने पुसून टाकतात. म्हाताऱ्या बाया संध्याकाळपर्यंत तसाच ठेवतात आणि बाजारात वांगी घेताना भाजीवाली विचारते, 'बाई, हे काय लागलं?'

ती राख आयती येत नाही. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी हातात धरलेल्या झावळ्या घरोघर देव्हाऱ्यामागे, क्रूसामागे खोचलेल्या असतात. वर्षभरात त्या वाळून कडक होतात. कोणीतरी त्या आठवणीने परत मागवते, चर्चच्या मागच्या अंगणात एका जुन्या घमेल्यात जाळते, निवली की कुस्करते आणि दोनदा वस्त्रगाळ करते, म्हणजे कपाळाला खरखर लागू नये. धूर डोळ्यांत जातो, हात कोपरापर्यंत काळे होतात. हे मंगळवारी संध्याकाळी होते. बुधवारी ती राख वेदीवर एका स्वच्छ बशीत असते, आणि जिने ती गाळली, ती रांगेत मागे कुठेतरी उभी असते, पंख्याखाली.